जबडेवाले सर

माझ्या लग्नात सर स्टेजवर आले, नारळ माझ्या हातात दिला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून त्याच्या कानाखालच्या हाडाकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मागे पाहुण्यांची रांग लागली होती. फोटोग्राफर "सर, इकडे, इकडे बघा" म्हणून दमला. शेवटी सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जबड्याचा कोन पक्का हाय पोट्ट्याचा. पण डाव्या बाजूनं कमी चावते हा. तिकडची दाढ पाह्यजो." नवरा अकोल्याचा, त्याला भाषा कळली, पण बोलणं कळलं नाही. लग्नाला पंधरा दिवस झाल्यावर मी त्याला माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून डावी दाढ पाहिली. मुळापर्यंत किडली होती. अजूनही आमच्या घरात सरांचं नाव निघालं की हा गृहस्थ गालावर हात ठेवतो.

सर माणसाकडे असेच बघायचे. आधी खालचा जबडा, मग जमलं तर बाकीचा माणूस. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. वर्गात कुणी "चौकोनी" होता, कुणी "खाच", एक बिचारी "दोन हनुवट्या". माझी हनुवटी त्यांना काही खास वाटली नसावी, म्हणून माझं नाव त्यांनी गावावरून "पुणं" ठेवलं. "ए पुणं, उठ. सांग हे काय हाय." मी खरंच पुण्याची. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत अमरावतीचं डेंटल कॉलेज मिळालं तेव्हा घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. आज मी अकोल्यात दवाखाना चालवते आणि पुण्याला गेले की माझी बहीण म्हणते, तू भांडल्यासारखी बोलतेस.

सर आम्हाला पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवायचे. स्वतः दंतवैद्य नव्हते. "मी डॉक्टर नाही, मी हाडं वाचणारा मास्तर" असं ते कुणीही न विचारता सांगत. राहायला अकोल्यात, घरची काळी जमीन भाऊ बघायचा. रोज सकाळी रेल्वेने बडनेरा, तिथून ऑटोने कॉलेज. शर्ट नेहमी बाहेर, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खराट्याच्या दोन-तीन बारीक काड्या. हाडातल्या भोकांमधून वाट कुठे जाते ते बघायला या काड्या. तारेने हाडाला ओरखडा पडतो, त्यांना तो चालत नसे. हाड नुसत्या टेबलावर ठेवलेलंही चालत नसे. खाली रुमाल पाहिजे. एकदा "चौकोनी"ने जबडा पेपरवेटसारखा वहीवर ठेवला, तर सरांनी त्याला वर्गासमोर उभं केलं. "अबे, माणूस हाय तो. तुया आज्याच्या डोक्यावर वही ठेवशील काय?"

त्यांच्या वर्गात एक शब्द बंद होता, तो म्हणजे "नॉर्मल". कुणी चुकून बोललं की संध्याकाळी त्याच्याकडून सगळ्या बॅचला दह्यात भिजवलेला गिला वडा. पहिल्या महिन्यात मी एकटीनेच दोनदा खाऊ घातला. म्हणायचं असेल तर "बहुतेकांमध्ये" म्हणायचं. बहुतेकांमध्ये खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक नस शिरते, हाडाच्या आतल्या बोगद्यातून दाढांना, दातांना फांद्या देत पुढे येते आणि हनुवटीच्या बाजूच्या एका भोकातून ओठाकडे बाहेर पडते. हे आम्हाला झोपेतही म्हणता येत होतं. सर म्हणायचे, "ठीक. आता ज्याइच्यात असं नाही, त्याइच्याबद्दल सांगा." तिथे वर्ग पुस्तकाची पानं उलटायला लागायचा.

असे बहुतेकांत न बसणारे जबडे सरांनी जमवले होते. विभागातल्या मुख्य कपाटात सगळे शहाणे जबडे. हे आगाऊ जबडे खिडकीखाली, संत्राबर्फीच्या रिकाम्या डब्यांत. प्रत्येक डब्यात सरांच्या हातची चिठ्ठी. "याले डावीकडे दोन भोकं, उजवीकडे एक." "हिले जिभेकडून दोन टेंगळं, खातानी त्रास झाला असंन." "याचा बोगदा मधातच फुटला." विभागात इतर कुणी या जबड्यांना बिघडलेला माल म्हणे. सर "आपली माणसं" म्हणत. एका शिक्षकांच्या निरोप समारंभाला शिपायाने चुकून त्यातलाच एक डबा उचलून मांडला. पाहुण्यांनी झाकण उघडलं. त्या दिवशी सगळे किंचाळले आणि सर एकटेच धावत येऊन डब्यातल्या माणसाला लागलं तर नाही ना, ते बघत बसले.

एकदा ते वर्गाला दोन तास उशिरा आले. बडनेऱ्याला पोलिसाने पिशवी तपासली आणि नॅपकिनात गुंडाळलेला जबडा निघाला. "कोणाचा आहे?" तर सर म्हणाले, "मालूम असतं तर नावानं नसती हाक मारली?" झालं, चौकीत नेलं. कॉलेजचं पत्र दाखवून पाच मिनिटांत सुटले असते. पण त्या पोलिसाचा गाल सुजलेला सरांना दिसला. मग पोलिसाला बाकावर बसवून, टॉर्च मागवून, त्याची अक्कलदाढ कशी आडवी झोपली आहे ते सरांनी त्याला हातातल्या जबड्यावर समजावून सांगितलं. त्यानंतर म्हणे तो पोलिस फलाटावर सरांना सलाम करायचा. आम्ही यावर विश्वास ठेवला नव्हता. मी पुढे एकदा त्यांच्याबरोबर गाडीतून उतरले तेव्हा तो सलाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

माझ्यावर सर एकदा महिनाभर रुसले. तेही मला चांगले मार्क मिळाले म्हणून. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या हातात एक जबडा दिला आणि हनुवटीजवळची भोकं किती ते विचारलं. पुस्तकात दोन्ही बाजूंना एकेक. माझ्या हातातल्या जबड्यावर डावीकडे दोन होती, शेजारी शेजारी, स्पष्ट. सरांनीच मुद्दाम तो जबडा मांडला होता हे मला नंतर कळलं. मी पाहिलं, आणि घाबरून म्हणाले, "एका बाजूला एक, सर." परीक्षकांनी मान हलवली, त्यांनीही पाहिलं नव्हतं. पुढे सगळं छान झालं. बाहेर आल्यावर मी पेढ्याच्या अपेक्षेने सरांसमोर उभी राहिले, तर ते म्हणाले, "डोयानं दोन पाह्यले, तोंडानं एक सांगतलं. काहून?" मी म्हटलं, पुस्तकात एकच आहे. सर जबडा रुमालात गुंडाळत म्हणाले, "मंग पुस्तकाचीच दाढ काढत जाय." आणि महिनाभर मला "पुणं" म्हणूनसुद्धा हाक मारली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन त्यांची नक्कल करून दाखवली. नक्कल फार छान झाली होती.

आता ते निवृत्त आहेत. दर आठवड्याला एकदा माझ्या दवाखान्यात येतात, न बोलावता. पेशंटच्या बाकावर बसून पेशंटचे जबडे बघतात. नवीन माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी मोठं दुखणं असणार. मी त्यांना आतली खुर्ची देते, ते घेत नाहीत. त्यांना तिथे बसू देते ते मात्र नुसते लाड म्हणून नाही. माझ्या शेवटच्या वर्षात जे झालं, ते विसरणं मला शक्य नाही.

दात काढायच्या विभागात माझी पाळी होती. शेंदूरजनाघाटच्या एक काकू आल्या. संत्र्याच्या बागा असलेलं घर, अंगाने भक्कम, हातात हिरव्या बांगड्या. बरोबर त्यांचे मालक, म्हणजे नवरा. उजवीकडची खालची दाढ आतून सडली होती. तीन दवाखाने झाले होते. प्रत्येक ठिकाणी भुलेचं इंजेक्शन दिलं, प्रत्येक ठिकाणी दाढेला हात लावताच काकू ओरडल्या, आणि प्रत्येक ठिकाणाहून दाढेसकट परत आल्या. दोनदा सूज जबड्याखाली उतरली होती. दुसऱ्या वेळी पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी पाच दिवस औषधं देऊन सूज उतरवली आणि आम्हाला सांगितलं, ही दाढ आता राहता कामा नये. पुढची सूज गळ्यात गेली तर बाईंचा श्वास अडकेल.

इंजेक्शन मी दिलं. ओठ बधिर झाला, जीभ बधिर झाली, सगळं पुस्तकातल्यासारखं. दाढेभोवती टोचून पाहिलं तर काकू दचकल्या. पुन्हा एक इंजेक्शन दिलं. मग काय विचारलं ते मला शब्दशः आठवतं. मी विचारलं, "राहिलं ना आता दुखायचं?" काकूंच्या तोंडात कापूस होता. त्या म्हणाल्या, "राहिलं जी... दुखून राहिलं."

पुण्यात दुखायचं राहिलं म्हणजे थांबलं. पाऊस राहिला म्हणजे उघडला. वऱ्हाडात पाऊस येऊन राहिला म्हणजे आत्ता पडतो आहे. चार वर्षांत हे मला पाठ झालं होतं, मी स्वतः "जेवून राहिले" म्हणायला लागले होते. पण त्या क्षणी मी घाबरलेली होते आणि पुण्याच्या कानांनी ऐकलं. माझाच शब्द मला परत मिळाला, असं वाटलं. मी चिमटा लावला.

त्यांची किंकाळी बाहेरच्या बाकांपर्यंत गेली. काकूंनी माझं मनगट धरलं होतं, बांगडीचा वळ उमटला. दारातून मालक म्हणाले, "पाह्यलं? असंच करते हे. घरी बी असंच." काकू रडत म्हणाल्या, "मी नाटक नाही करून राहिली. आईची शप्पथ." मॅडमनी स्वतः येऊन पाहिलं, ओठ तपासला, भूल व्यवस्थित चढलेली. मग केसपेपरवर लिहिलं, "रुग्ण सहकार्य करत नाही. नागपूरला पूर्ण भूल देऊन दाढ काढावी." मॅडम वाईट नव्हत्या, त्यांना दुसरं काय दिसणार? पण मालकांनी पेपर वाचला आणि घडी करून खिशात घातला. "एका दाढेसाठी नागपूर? आन् ते बी नाटकासाठी? चाल घरी." काकू नागपूरला जाणार नाहीत, हे मला तिथेच कळलं. त्या दाढेसकट घरी जाणार होत्या आणि सूज परत येणार होती.

मी धावत खाली सरांकडे गेले. कशाला गेले ते मलाही सांगता आलं नसतं. सर म्हणाले, "तिनं काय सांगतलं, तिच्याच शब्दात सांग." मी सांगितलं. "तू काय इचारलं?" तेही सांगितलं. सर उठून उभे राहिले. "पुणं! दुखून राहिलं म्हणे ते. याच्यापेक्षा साफ कोण सांगते?" माझे डोळे भरून आले. पण सरांना रडण्याला वेळ नव्हता, ते जिन्यावर पोचले होते.

बाहेरच्या बाकावर ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले. "बाई, ओठ सुन्न हाय?"

"हाय जी. जीभ बी सुन्न हाय."

"आन् दाढ?"

"दाढ जिती हाय," काकू म्हणाल्या. "मागून येते ठणक. इथून." आणि त्यांनी बोट तोंडात घालून शेवटच्या दाढेच्या मागे ठेवलं.

सरांचा चेहरा असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी एक्स-रे मागून घेतला आणि खिडकीशी धरला. नेहमीचा बोगदा दिसत होता, आणि दाढेच्या मागे हाडात एक केसाएवढी बारीक रेघ. मॅडम म्हणाल्या, "सर, ती सावली आहे. अशा रेघा खूप फिल्म्सवर दिसतात." सर खाली गेले आणि संत्राबर्फीचा एक डबा घेऊन आले. मॅडमच्या टेबलावर रुमाल अंथरला, त्यावर जबडा ठेवला. शेवटच्या दाढेमागे हाडात सुईच्या अग्राएवढं भोक होतं. सरांनी खिशातली काडी त्यात घातली, हळूहळू सरकवली, आणि काडीचं टोक दाढेच्या मुळाच्या खळग्यात बाहेर आलं.

"मॅडम, याले मागूनबी एक नस येत होती," सर म्हणाले. "तुमी समोरचं दार बंद केलं, मागचं उघडंच राह्यलं. मागं, इथं, थोडी भूल द्या. एक बार. नाही चढली तर मी सोता त्याइले नागपूरले घेऊन जातो."

"आणि जंतुसंसर्गामुळे भूल चढत नसेल तर?"

"सूज तर तुमीच उतरवली नं, पाच दिवसांत."

मॅडमनी काडीकडे पाहिलं, मग फिल्मकडे, मग पुन्हा काडीकडे. म्हणाल्या, "ठीक आहे. एकदा. मी देते."

काकू दारात येऊन उभ्या होत्या, आम्हाला कुणाला कळलंच नव्हतं. त्यांनी रुमालावरच्या जबड्याकडे पाहिलं. "हे कोणाचं हाय जी?" सर म्हणाले, "मालूम नाही बाई. तुमच्यासारखंच कोणीतरी." काकूंनी त्या जबड्याला हात जोडले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "सुई या पोट्टीच्याच हातानं. हिनं मले दुखवलं, हिलेच मालूम हाय कुठं दुखते." मालक "अवं, मोठ्या मॅडम देऊन राहिल्या नं" म्हणाले. काकूंनी ऐकलं नाही. त्या जाऊन खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडलं.

मॅडम माझ्या खांद्याशी उभ्या, सर पलीकडे, भिंतीला चिकटून. मी नेहमीच्या जागी भूल दिली, आणि मग जिथे काकूंनी बोट ठेवलं होतं तिथे, शेवटच्या दाढेमागे, थोडीशी. थांबले. मालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी दाढेभोवती टोचलं आणि या वेळी नीट विचारलं, "काकू, दुखून राहिलं का?"

काकूंनी डोळे मिटले. जणू आत जाऊन बघून येत होत्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "नाही."

"जोरात टोचून राहिले मी. आता?"

"नाही वं माय! कायीच नाही! मेली ते!"

मी चिमटा लावला. दाढ हलली, फिरली, आणि दोन्ही मुळांसकट बाहेर आली. काकू हूं की चूं करत नव्हत्या, उलट डोळे मोठे करून माझ्याकडे बघत हसत होत्या, कापसासकट. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही. त्या दिवसाएवढा आनंद मला पुढे डिग्री मिळाल्यावरही झाला नाही. मॅडम काही दिवसांनी काकूंचा स्कॅन करवणार होत्या आणि त्यात ती मागची वाट सुतासारखी स्पष्ट दिसणार होती, पण त्या दुपारी स्कॅनची कुणाला गरज वाटली नाही.

सर भिंतीपाशीच उभे होते. मी दाढ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली नाही, ते काकूंकडे बघत होते. आणि पहिल्यांदाच मी पाहिलं, ते हनुवटीकडे नाही, डोळ्यांकडे बघत होते. "पुणं," ते हळूच म्हणाले, "आपल्या माणसाइले मी जनमभर इचारत आलो, तुमाले काय होत होतं म्हणून. कोणी बोललं नाही. आज एक बोलली." चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला, आणि तो पुसून होईपर्यंत मी दुसरीकडे बघत राहिले.

मग सर पुन्हा सर झाले. "तो पेपर कुठं हाय?" त्यांनी मालकांच्या खिशातून केसपेपर मागून घेतला आणि मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी सहकार्याची ओळ आडवी खोडली. काय लिहावं याचा क्षणभर विचार केला, मग लिहिलं आणि खाली सही केली. सरांनी तो पेपर मालकांना परत दिला नाही. काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो बाहेर येऊन वाचला. बाकांवर पाळीची वाट बघत तीस-चाळीस माणसं बसली होती, ज्यांनी सकाळची किंकाळी ऐकली होती. काकूंचा अर्धा ओठ अजून बधिर होता, बोलणं नीट येत नव्हतं. त्यांनी पेपर मालकांपुढे धरला आणि बोटाने ओळ दाखवली.

"वाचा नं जी."

मालकांनी पेपर घेतला. ओठातल्या ओठात वाचलं.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या.

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे बाक त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी घसा खाकरला, आणि शाळेत उभं राहून वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचलं, "रुग्णाने पहिल्यापासून खरे सांगितले होते."